प्रार्थनेला शेजारी कोण

माणसाला नीतीनं वागायचं असेल तर देवावर विश्वास असायलाच हवा का? प्यू रिसर्च सेंटर ही संस्था अमेरिकेतल्या प्रौढांना हा प्रश्न अधूनमधून विचारत असते. २०११ साली ४९ टक्के लोकांनी 'त्याची गरज नाही' असं उत्तर दिलं होतं, २०१७ साली ५६ टक्क्यांनी. हे आकडे वाचल्यापासून तो प्रश्न माझ्या मनातून हलत नाही, आणि त्याचं कारण तो ज्या रीतीनं विचारलाय ते आहे. त्यात एक माणूस आहे, त्याचा देव आहे आणि त्याची नीती आहे. शेजारी बसलेलं कुणीच नाही. मी या देशात इतकी वर्षं राहून जे पाहिलं, त्यात सगळा भार त्या शेजारी बसलेल्या माणसावरच आहे.

मी राहते ते ओहायो राज्यातलं छोटं गाव आहे. भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेतं, एक शाळा, धान्याची उंच कोठारं आणि गावाच्या मानानं भरपूर चर्च. माझं बालपण नगरचं. तिथं अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या इमारती, त्यांच्या शाळा, नाताळात उजळणारं चर्च हे सगळं जाता-येता दिसायचं. सिंथिया फरार बाईंच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, हे आम्हाला अभिमानानं सांगितलं जाई. त्यामुळे अमेरिकन ख्रिस्ती माणूस म्हणजे घरदार सोडून परक्या मुलखात शाळा काढणारा माणूस, असं चित्र मी मनात घेऊन आले होते. ते चित्र खोटं नव्हतं. पण ते फार थोड्या माणसांचं होतं.

आकड्यांनी सुरुवात करते, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण आकड्यांपाशीच थांबतात. २००७ साली शंभरातले ७८ प्रौढ अमेरिकन स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. प्यूच्या २०२३-२४च्या पाहणीत ६२. 'माझा कुठलाच धर्म नाही' म्हणणारे १६ वरून २९ वर गेले. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या नोंदींप्रमाणे कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनेगॉगचे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे) किंवा मशिदीचे सदस्य असलेल्यांचं प्रमाण २०२० साली पहिल्यांदा निम्म्याच्या खाली आलं, ४७ टक्क्यांवर. पण त्याच प्यूच्या पाहणीत ८३ टक्के लोक देव किंवा विश्वव्यापी शक्ती मानतात, आणि माणसाला शरीरापलीकडे आत्मा असतो असं ८६ टक्क्यांना वाटतं. म्हणजे श्रद्धा आटलेली नाही. महिन्यातून एकदा तरी सामुदायिक उपासनेला जाणारे मात्र तिघांत एकच उरलेत. एकत्र बसणं आटलंय.

यावरून इथं बरेच जण म्हणतात, देव सुटला की नीतीही सुटते, आता सगळंच चालतं. तसं दिसत नाही. गॅलप २००१ पासून दरवर्षी लोकांना विचारतं की अमुक गोष्ट नैतिकदृष्ट्या मान्य आहे का. समलिंगी संबंध मान्य असल्याचं २००१ साली ४० टक्के म्हणत होते, २०२२ साली ७१ टक्के. मग २०२३ साली तो आकडा ६४ वर आला. घटस्फोटही आता बहुतेकांना मान्य आहे. पण लग्नाच्या जोडीदाराशी केलेली प्रतारणा? ती आजही दहातल्या नऊ जणांना वाईटच वाटते, आणि वीस वर्षांत त्यात जवळजवळ काही बदललं नाही. म्हणजे लोकांनी नीतीचं ओझं टाकून दिलेलं नाही. कोणती गोष्ट पाप आणि कोणती नाही, याची वाटणी त्यांनी नव्यानं केली आहे. आणि ती चर्चच्या आत बसलेल्यांनीही केली आहे.

हे मला कळलं ते शेजारच्या बाईंमुळे. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे, जन्मापासून मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या. त्यांच्या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी गरजूंना शिधा वाटतात, इथल्या भाषेत फूड पँट्री. खोकी उचलायला माणसं कमी पडतात म्हणून त्यांनी मला बोलावलं आणि मी जायला लागले. माझा धर्म काय, हे त्यांनी बऱ्याच महिन्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून 'बरं' म्हणून टोमॅटोच्या डब्यांची तारीख बघत राहिल्या. माझी आई नगरला दवाखान्यात होती आणि मला जाता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी मला न सांगता आईचं नाव चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत घातलं. दर रविवारी ती नावं मोठ्यानं वाचतात. पाळकबाईंनी आदल्या दिवशी मला फोन करून नावाचा उच्चार दोन-तीनदा म्हणून घेतला. ज्यांनी नगर नकाशावरही पाहिलेलं नाही अशी साठ-सत्तर माणसं माझ्या आईसाठी मान खाली घालून उभी राहिली. तो रविवार मी विसरणार नाही. माझ्या आईचा देव त्यांच्या यादीत नव्हता. पण माझी आई होती.

आता या मेथडिस्टांचा इतिहास सांगायला हवा, कारण अमेरिकेतली श्रद्धा आणि नीती यांचं नातं इतकं उघड दुसरीकडे क्वचित दिसतं.

या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. १७८४ साली बाल्टिमोरमध्ये अमेरिकन मेथडिस्टांनी स्वतंत्र चर्च स्थापन केलं, तेव्हा सदस्यांनी आपले गुलाम मुक्त करावेत असा नियमच केला. वर्षभराच्या आत तो नियम स्थगित झाला, कारण दक्षिणेतले सदस्य दुरावत होते. पुढची साठ वर्षं हीच ओढाताण चालली. १८४४ साली न्यूयॉर्कच्या अधिवेशनात जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांचा प्रश्न आला. वारशानं आणि लग्नातून गुलाम त्यांच्याकडे आले होते. त्यांनी ते असेपर्यंत बिशपपदाचं काम थांबवावं असा ठराव झाला, आणि दक्षिणेतले मेथडिस्ट वेगळे झाले. पुढच्याच वर्षी बाप्टिस्टांचंही तेच झालं. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा आज देशातला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ त्या फुटीतून जन्मला. गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली.

दोन्ही बाजूंचा देव एक होता, शास्त्र एक होतं. आणि दोन्ही बाजूंना मनापासून वाटत होतं की आपण बरोबर आहोत. १८६५च्या मार्चमध्ये, यादवी युद्ध संपत आलेलं असताना, लिंकननं दुसऱ्यांदा शपथ घेतल्यावरच्या भाषणात हेच सांगितलं: दोघंही तेच बायबल वाचतात, त्याच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात. त्यानंतर आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते गुलामांना दास्यातून मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. जोतीरावांनी 'सदाचारी' माणसं निवडून घेतली, सगळा देश नाही की सगळा पंथ नाही. ती अर्पणपत्रिका मी इथं राहायला आल्यावर पुन्हा वाचली तेव्हा त्यांच्या नजरेचा नेमकेपणा मला जाणवला.

शास्त्र दोन्हीकडून वापरलं गेल्याची उदाहरणं शोधायला युद्धापर्यंत जायला नको. १९५९ साली व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशानं रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याला शिक्षा दिली होती. गुन्हा इतकाच, की तो गोरा होता, ती नव्हती आणि दोघांनी लग्न केलं होतं. ज्या आदेशानं त्यानं पुढे ती शिक्षा कायम ठेवली त्यात त्यानं लिहिलं की सर्वशक्तिमान देवानं वंश निर्माण करून त्यांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवलं, अर्थात त्यांनी मिसळावं अशी त्याची इच्छा नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली तो कायदा रद्द केला. १९५८ साली काळ्या-गोऱ्या लग्नाला मान्यता देणारे अमेरिकन ४ टक्के होते, २०२१ साली ९४ टक्के. या काळात बायबल बदललं नाही. ज्यांच्या घरात अशी सून किंवा असा जावई आला, ज्यांच्या वर्गात अशी मुलं बसली, त्यांना जुनं वचन नव्यानं वाचावं लागलं.

हे उलट दिशेनंही घडतं, आणि ते लपवून चालणार नाही. पीआरआरआय या संस्थेनं २०११ साली विचारलं होतं की खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला लोकप्रतिनिधी सार्वजनिक कामात नीतीनं वागू शकतो का. गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्तींपैकी, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या आणि धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांपैकी, ३० टक्के 'हो' म्हणाले. डोनाल्ड ट्रम्प उमेदवार असलेल्या २०१६च्या निवडणुकीच्या तोंडावर तोच प्रश्न विचारला तेव्हा ७२ टक्के. पाच वर्षांत एवढा बदल, आणि तोही चारित्र्याचा आग्रह सर्वांत जास्त धरणाऱ्यांमध्ये. त्यांची श्रद्धा या पाच वर्षांत कमी झाली असं मला वाटत नाही. ते कुणाच्या बाजूला उभे आहेत हे पक्कं झालं आणि नीतीचा निकष त्या बाजूला सरकला. गर्भपाताबद्दलही तसंच. गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांतल्या जवळपास तीन चतुर्थांशांना तो बहुतेक किंवा सर्व बाबतींत बेकायदा असावा असं वाटतं. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांतल्या सुमारे ७० टक्क्यांना तो बहुतेक किंवा सर्व बाबतींत कायदेशीर असावा असं वाटतं. दोघंही भक्तीनं चर्चला जातात, दोघंही त्याच येशूला हाक मारतात. इतिहास वेगळा, सोबत वेगळी.

रॉबर्ट पुटनम आणि डेव्हिड कँपबेल या दोन अभ्यासकांनी या विषयावर मोठं काम केलं आहे. त्यांना आढळलं की नियमानं चर्चला जाणारे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना जास्त मदत करतात, जास्त दान देतात, धर्माबाहेरच्या कामांनाही. पण कारण शोधत गेल्यावर स्वर्ग-नरकावरचा विश्वास त्यामागे दिसेना. फरक पडत होता तो चर्चमध्ये जवळचे मित्र असण्यानं. कितीही श्रद्धाळू माणूस एकटा येऊन एकटा जात असेल तर त्याच्यात हा उदारपणा विशेष दिसत नव्हता. मी हे वाचलं तेव्हा मला गुरुवारचं तळघर आठवलं. तिथं कुणी तत्त्वज्ञान बोलत नाही. 'तू आली नाहीस तर दुधाचे कॅन कोण उचलणार' एवढंच असतं, आणि माणूस येतो.

आता शेजारच्या बाईंच्या चर्चमधल्या मतदानाकडे येते.

मेथडिस्टांच्या नियमपुस्तकात १९७२ साली एक वाक्य आलं: समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे. त्यावर दर अधिवेशनात वाद होत राहिला. २०१९ साली सेंट लुइसच्या विशेष अधिवेशनात समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळक यांच्यावरची बंदी आणखी कडक करण्याचा ठराव ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी मंजूर झाला. पण अनेक ठिकाणचे बिशप आणि पाळक ती पाळायला तयार नव्हते, म्हणून बंदी हवी असणाऱ्यांनीच बाहेर पडायला सुरुवात केली. त्याच अधिवेशनानं तशी वाट करून दिली होती: हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांशांनी मत दिलं आणि ठरलेली रक्कम भरली की इमारत-जमिनीसह वेगळं होता येईल. २०२३ अखेरपर्यंत साडेसात हजारांहून जास्त चर्च बाहेर पडली, देशातल्या या पंथाच्या एकूण चर्चपैकी सुमारे चौथा हिस्सा. उरलेल्यांनी २०२४च्या मे महिन्यात शार्लटमध्ये ती बंदी आणि ते वाक्य दोन्ही काढून टाकलं.

आमच्या गावच्या चर्चमध्ये बाहेर पडण्याच्या बाजूनं बहुमत होतं, पण दोन तृतीयांश भरलं नाही. चर्च राहिलं, आणि ज्यांना जायचं होतं ते इमारत सोडून गेले. शेजारीणबाईंनी राहण्याच्या बाजूनं मत दिलं. त्यांची जिवाभावाची मैत्रीण, गायकवृंदात अर्धं आयुष्य त्यांच्या शेजारी उभं राहून गाणारी, तिनं जाण्याच्या बाजूनं.

मी बाईंना विचारलं, तुमचं मत कधी बदललं? कारण त्या स्वतःच सांगतात की तरुणपणी रविवारच्या शाळेत त्या १९७२चंच वाक्य शिकवत होत्या. त्यांनी मला चर्चच्या ऑर्गनवादकाची गोष्ट सांगितली. लहानपणी तो त्यांचा विद्यार्थी होता. कितीतरी वर्षं त्यानं प्रत्येक लग्नात, प्रत्येक अंत्यविधीत वाजवलं. तो एका पुरुषाबरोबर राहतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तो वारला तेव्हा त्याचा सोबती शेवटच्या बाकावर बसला, कारण पुढची बाकं कुटुंबासाठी होती. 'मी त्याला तिथं बसलेलं पाहिलं,' बाई म्हणाल्या, 'आणि घरी जाऊन बायबल पुन्हा वाचायला घेतलं.' आधी बाक, मग वचन, हा क्रम त्यांनीच सांगितला.

इथवर माझा विचार सरळ चालला होता. माणूस शेजारी बसला की मत बदलतं. पण मैत्रीणही त्याच अंत्यविधीला होती. आणि त्या सोबत्याला पुढचे कित्येक आठवडे जेवणाचा डबा नेऊन देणारी तीच होती. तिचं मत बदललं नाही. लग्न म्हणजे काय हे शास्त्रानं ठरवलंय असं ती आजही मानते, आणि त्या माणसाच्या वाढदिवसाला आजही केक करते. पाहणीतल्या प्रश्नाला या दोघी विरुद्ध उत्तरं देतील, आणि त्या माणसाच्या दाराशी मात्र दोघी उभ्या असतील. आकड्यांमध्ये मतं मोजली जातात. डबे मोजायची सोय त्यात नाही.

मग मला वाटू लागलं की फुटायलाच नको होतं, दोन्ही मतांची माणसं एकाच बाकावर राहायला हवी होती. हा विचार मी बरेच दिवस धरून ठेवला. पण मेथडिस्टांच्याच इतिहासानं तो मला सुखानं धरू दिला नाही. १८४४ साली फुटलेले उत्तर-दक्षिण मेथडिस्ट १९३९ साली पुन्हा एक झाले. ती एकी विकत घेतली ती कृष्णवर्णीय सदस्यांच्या किमतीवर. देशातल्या बहुतेक कृष्णवर्णीय मंडळ्या एका वेगळ्या विभागात काढून ठेवण्यात आल्या. ही व्यवस्था १९६८पर्यंत टिकली. गोऱ्यांनी गोऱ्यांशी समेट केला आणि त्याला ख्रिस्तातली एकी म्हटलं. एकी ही स्वतः काही नीती नाही, हे मला तिथं मान्य करावं लागलं.

आणि बाहेर पडणंही प्रत्येक वेळी सारखं नसतं. अठराव्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीय उपासकांना गुडघ्यांवर प्रार्थना करत असताना ओढून उठवण्यात आलं. रिचर्ड अ‍ॅलन, जन्मानं गुलाम आणि स्वतःच्या कमाईनं मोकळा झालेला, आपल्या लोकांना घेऊन बाहेर पडला. त्यातून १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. त्यानं देव सोडला नाही, मेथडिस्ट हे नावही सोडलं नाही. त्याच पंथाचं चार्ल्स्टनमधलं इमॅन्युएल चर्च १७ जून २०१५च्या रात्री जगाला माहीत झालं. बायबलच्या अभ्यासाला जमलेल्या मंडळींनी एका अनोळखी गोऱ्या तरुणाला आपल्यात बसवून घेतलं, आणि तासाभरानं त्यानं नऊ जणांना मारलं. दोन दिवसांनी न्यायालयात मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याला सांगितलं की आम्ही तुला क्षमा करतो. सगळ्यांनी नाही केली, आणि न करणाऱ्यांचाही तो हक्क होता. पण अनोळखी माणसाला बसायला जागा देण्याची त्यांची रीत त्या रात्रीच्या आधी दोनशे वर्षांची होती आणि ती आजही चालू आहे.

अ‍ॅलन बाहेर पडला, कारण त्याला गुडघे टेकू दिले नाहीत. आमच्या गावातली मंडळी बाहेर पडली, कारण दुसऱ्या कुणाला गुडघे टेकू देण्याचं ठरत होतं. या दोन्हींना मी एका मापानं मोजू शकत नाही, आणि मैत्रिणीच्या केकमुळेही ते माप बदलत नाही. तिला मी हे सांगितलं आहे. ती रागावली नाही. म्हणाली, 'मी शास्त्र वाचते तसं वागते. तू चुकीचं म्हणतेस, पण गुरुवारी ये.'

बाहेर पडलेले लोक आता शाळेच्या जेवणघरात रविवारी जमतात. मूळ चर्चमध्ये बाकं रिकामी दिसतात. प्यूच्या पाहणीत चौऱ्याहत्तर आणि त्याहून जास्त वयाच्यांमध्ये दर दहातले आठ जण ख्रिस्ती आहेत आणि अठरा ते चोवीस वयोगटात निम्म्याहून कमी. आमच्या तळघरातही तेच चित्र आहे. गेल्या वर्षापासून जवळच्या कॉलेजातली चार-पाच मुलं खोकी उचलायला येतात. त्यातल्या एकीनं मला सांगितलं की वडिलांच्या चर्चमध्ये ऐकलेल्या राजकीय प्रवचनांमुळे तिनं धर्म सोडला. मायकल हौट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ सालीच लिहिलं होतं की कुठलाच धर्म न सांगणाऱ्यांची वाढ बऱ्याच अंशी राजकारणावरची प्रतिक्रिया आहे. ही मुलं मागच्या दारानं येतात आणि मागच्या दारानं जातात, उपासनेच्या दालनात पाऊल टाकत नाहीत. पण येतात.

मध्यंतरी त्यावरून पेच झाला. वाटप सुरू करण्याआधी सगळे हात धरून प्रार्थना करत. त्या मुलीनं शांतपणे सांगितलं की मला काम करायचंय, प्रार्थनेत उभं राहायचं नाही. शेजारीणबाई दुखावल्या. जुनी मैत्रीण, जी दुसऱ्या चर्चची झाली असूनही दर गुरुवारी येते, ती तर म्हणाली की प्रार्थना नसेल तर हे दुकान झालं. पाळकबाई मध्ये पडल्या नाहीत. शेवटी तोडगा त्या दोघी म्हाताऱ्यांनीच काढला, आणि मतदानानंतर पहिल्यांदाच एका टेबलावर बसून. भिंतीवर कागद लावलाय: ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी पावणेनऊला यावं, काम नऊला सुरू होईल. मी पावणेनऊला जाते. ती मुलगी नऊला पाच मिनिटं असताना येते आणि दाराबाहेर ट्रकमधली खोकी उतरवायला लागते.